विमानाच्या तांडेलाला विचारून

माझं शिक्षण सहावीपर्यंत झालं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे मी घाबरलो, गप्प बसलो, असं बऱ्याचदा येईल आणि त्याचं मूळ तिथे आहे. समोरचा माणूस शिकलेला दिसला की अजूनही माझ्या घशाला कोरड पडते. परमुलखात उभं आयुष्य गेलं, पोटापुरत्या चार भाषा बोलता येतात, तरी कोणी फॉर्म पुढे केला की मी आधी मागे वळून बघतो, आपल्या जागी दुसरं कोणी पुढे होतंय का म्हणून.

आमचं घर रेवदंड्याला, खाडीच्या तोंडाशी. वडील गेले, शाळा सुटली, आणि मला बोटीवर घेतलं ते काकाने. काका म्हणजे वडिलांचा चुलत भाऊ. गाव त्याला तांडेल म्हणायचं. शिडाचा एक मचवा होता, त्याच्यावरचा तो प्रमुख. शीड कधी चढवायचं, खाडीतून कधी निघायचं, माल कुठे रचायचा, सगळं त्याच्या शब्दावर. मचवा नारळ, सुपारी, सुकी मासळी घेऊन मुंबईला भाऊच्या धक्क्याला जायचा. वर दहाबारा उतारूही असत. त्यांनी कुठे बसायचं तेही काकाच सांगे. माणसाला एकदा वरपासून खालपर्यंत बघायचा आणि म्हणायचा, "तू हिकडं. वैनी, तुमी मधी." त्याच्या डोळ्यात वजनकाटा होता म्हणा ना.

एकदा एक सुपारीचे व्यापारी, चांगले वजनदार, जेवण झाल्यावर उजव्या बाजूला पंचा अंथरून आडवे झाले. काका सुकाणूवरूनच ओरडला, "शेट, उठा. कुणाला विचारून निजलात?"

"अरे, जागा रिकामी होती."

"रिकामी न्हाय, मी रिकामी ठेवलीय. तुमी आडवे झालात तर माझं काय जात न्हाय, पर तुमच्या संगतीनं ही बोट पन आडवी व्हईल."

लोक हसले. शेट उठून बसले. काकाने वारा बघितला, नारळाची दोन पोती डावीकडे सरकवायला लावली, आणि मग म्हणाला, "आता निजा. खुशाल घोरा."

त्याच्या बोटीवर हाच कायदा होता. टेका, निजा, जागा बदला, पण विचारून. मी दहाबारा वर्षं त्या कायद्यात वाढलो, त्यामुळे जगात सगळीकडे असंच असतं असं मला वाटायचं. काकाला तर वाटायचंच.

मग ट्रक आले, लाँची वाढल्या. मालवाले मचव्याला विचारीनासे झाले. दोन हंगाम मचवा नुसता वाळूत उभा होता. तेवढ्यात अलिबागला एका परदेशी बंदराच्या ठेकेदाराचा माणूस आला. त्याला बोटीची माहिती असलेली माणसं हवी होती, बहारीनला, मालाच्या पडावांवर काम करायला. काका पन्नाशीचा, मी बावीस-तेवीसचा. आम्ही दोघंही निवडले गेलो. मुंबईत तपासणी झाली, तीही पार पडली. तेव्हा बहुतेक लोक तिकडे आगबोटीने जात, पण ह्या ठेकेदाराला घाई होती, म्हणून तो विमानाने नेणार होता. काकाने मचवा विकून टाकला.

निघायला आठ दिवस होते. मचवा न्यायला नवा मालक माणसं घेऊन आला. भरती हवी तेवढी आली नव्हती, म्हणून बोट ढकलावी लागणार होती. काका बाजूला उभा राहू शकला असता, पण राहिला नाही. "शेवटचा खांदा माझा," म्हणाला आणि लागला ढकलायला. बोट पाण्यात गेली. काका मात्र तिथेच वाकलेला राहिला. कमरेत उसण भरली होती.

काकीने मिठाच्या पुरचुंडीने शेकलं, निरगुडीचा पाला बांधला. चौलच्या हाडवैद्याने बोटांनी कणा चाचपला आणि म्हणाला, "उभं राहिलं तर चालेल, निजलं तर चालेल, पाठ टाकून रेलून बसलं तरी चालेल. ताठ बसायचं नाही. तासभर ताठ बसलात की उठताना कंबर धरणार, मग दोन दिवस सरळ होणार नाही."

एरवी ह्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण आम्हाला कळलं होतं की तिकडे उतरल्याबरोबर कंपनीचा डॉक्टर पुन्हा तपासतो, चालवून बघतो, वाकवून बघतो. आधीच्या खेपेतल्या दोघांना त्याने दारातूनच परत पाठवलं होतं. काका परत आला असता तर कशावर आला असता? बोट विकलेली. आणि माझं म्हणाल, तर काकाशिवाय त्या मुलखात मी आठ दिवस टिकलो नसतो. स्वतःविषयी मला एवढी माहिती होती.

निघताना काकीने मला पडवीत ओढलं. "ह्याला ताठ बसू देऊ नको. ह्यो लाजंल, कुणाला सांगणार न्हाय. तू बघ."

"बघतो, काकी."

"नुस्तं बघतो नको. बोल. तुजं त्वांड उघडत न्हाय ना कुठं, म्हनून सांगते."

विमानतळावर आमच्या पिशव्या काट्यावर ठेवल्या आणि मग आम्हालाही एकेक करून काट्यावर उभं केलं. मी ओशाळलो, पण काकाचा चेहरा उजळला. त्याने मला कोपर मारलं. "बघितलंस? मानसं तोलून घेतात. मग जागा देतात. ह्यांचा तांडेल शाना हाय." थोड्या वेळाने आम्हाला जागेचे नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या मिळाल्या. आता काकाची खात्रीच झाली. विमान म्हणजे आपल्यासारखंच प्रकरण, ज्याला जिथे तोलून बसवलं त्याने तिथेच बसायचं.

काकाला खिडकी मिळाली, मला त्याच्या शेजारी वाटेच्या बाजूची जागा. सकाळची वेळ होती. पंखे सुरू झाले, विमान धावलं, उचललं, आणि समुद्रावर जाऊन एका कुशीवर कललं. काका आणि मी दोघंही ताबडतोब दुसऱ्या बाजूला अंग टाकून बसलो, बोट कलली की बसतात तसे. बाकी कोणी हललंसुद्धा नाही. एक बाई तर कललेल्या बाजूलाच वाकून खाली बघत होती. काका माझ्या कानात म्हणाला, "ही मानसं बोटीत कधी बसल्याली न्हाईत."

हवाई सुंदरी पेपरमिंट आणि कापूस देऊन गेली. थोड्या वेळाने माझ्या पुढच्या माणसाने हाताशी काहीतरी दाबलं आणि त्याची खुर्ची मागे आली, इतकी की त्याच्या केसाला लावलेल्या तेलाचा वास मला येऊ लागला. काकाने ते बघितलं.

"ह्यानं विचारलं तुला?"

"नाही."

"तांडेलाला विचारलं?"

"इथं विचारत नसतील, काका. हे बघ, तुझ्याही हाताशी बटण आहे. दाबलं की खुर्ची मागं जाते. टेक तू."

"विचारल्याबिगर?"

"त्याने नाही विचारलं."

"त्यो गाढव हाय. मी तांडेल हाय."

आमच्यात मोठ्यांनाही 'तू' म्हणतात, त्यामुळे मी काकाशी वाद घालू शकत होतो. पण जिंकू शकत नव्हतो. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. काकाने दोन्ही हातांनी खुर्चीच्या दांड्या धरल्या होत्या. त्याच्या कपाळावर घाम आला. तो खिडकीतून बाहेर बघत होता, पण त्याला काही दिसत नसावं. मी म्हणालो, "विचारून आलो मी मघाशी."

"कवा? तू उठलासच न्हाय."

मला खोटंही धड बोलता येत नाही. मग मी एक गाढवपणा केला. काका डोळे मिटून बसला होता, तेव्हा मी हळूच त्याच्या हाताखालचं बटण दाबलं आणि खांद्याला धरून त्याला मागे लोटलं. खुर्ची धाडकन मागे गेली आणि मागून ओरडणं आलं, "अरे बाप रे! मारा घूंटण!"

काका दचकून एकदम ताठ झाला. त्या हिसक्यासरशी त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. तरी पहिलं काम त्याने केलं ते मागे वळून हात जोडण्याचं. "माफ करा, आजी. पोरगं खुळं हाय."

मागे एक म्हाताऱ्या गुजराती बाई बसल्या होत्या. जाडजूड, पांढरं लुगडं, मांडीवर जेवणाचा डबा. त्यांचा मुलगा बहारीनच्या बाजारात कापडाचा व्यापार करत होता, त्याच्याकडे चालल्या होत्या. आयुष्य मुंबईत मांडवीला गेलेलं, त्यामुळे मराठी बोलत होत्या, आपल्या पद्धतीने. दोन्ही गुडघे चोळत म्हणाल्या, "दीकरा, माझे पाय वळतच नाहीत. हा विमान बनवणारा आहे ना, त्याला पाय नसणार. असते तर थोडी जागा ठेवली असती."

मला रडू आलं असतं. मी काय केलं ते सांगायलाच हवं होतं आणि कसं सांगावं ते कळत नव्हतं. शेवटी काकीचे शब्द आठवले, आणि मी खुर्चीवरून मागे वाकून, अगदी खालच्या आवाजात, त्यांना सगळं सांगितलं. उसण, ताठ बसणं, डॉक्टर, सगळं. काका पुढे बघत बसला होता. त्याचे कान लाल झालेले मला दिसत होते.

म्हातारीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एमां शूं? सोपं आहे. तू माझ्या जागी ये, मी तुझ्या जागी येते. तिकडे वाटेत पाय लांब करीन. हा तुझा काका पाहिजे तेवढा टेकेल. मागे तूच असशील, मग तुझे गुडघे मोडू दे."

किती सरळ गोष्ट! पण काकाने मान हलवली.

"न्हाय आजी. जागा तोलून दिल्यात. तुमचं वजन किती, ह्या पोराचं किती?"

"हाय हाय! बाईमाणसाला वजन विचारतो!"

"तसं न्हाय वो. तुमी फुडं आलात, ह्यो मागं गेला, तर तोल बदलतो. टेकायचं तरी तेच. बसवणाऱ्याला विचारल्याबिगर करू नये. मी माझ्या बोटीवर कुणाला करू दिलं न्हाय. मग दुसऱ्याच्या बोटीवर मीच कसं करू?"

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ही हसणार. ती म्हणाली, "मग विचारून ये ना. बसलास काय?"

विमानाच्या त्या वाटेने मी एकेक खुर्ची धरत पुढे गेलो. हवाई सुंदरी पडद्याजवळ कप मांडत होती. मी हिंदी जुळवली. "मॅडम, तांडेल से पूछना है."

"कौन तांडेल?"

"जो विमान चलाता है. उससे पूछना है, हमारा काका टेकेगा तो चलेगा क्या. और एक माजी आगे आएगी, मैं पीछे जाएगा."

ती हसली. तिचा दोष नव्हता. मग तिने वाकून मागे बघितलं. काका दांड्या धरून, ओठ दाबून बसला होता. तिचं हसणं तिथेच थांबलं. "ठहरो," म्हणाली आणि पुढच्या दारातून आत गेली.

मी जागेवर परतलो. आता आपल्याला उतरवतात की काय, असं मनात आलं. हवेत कुठे उतरवणार हे मनात आलं नाही, यावरून माझी अवस्था ओळखा. थोड्याच वेळात ते दार उघडलं आणि पांढरा शर्ट, खांद्यावर पट्टे, असा एक उंच गृहस्थ सरळ आमच्याकडे चालत आला.

"किसने पूछा है?"

मी काकाकडे बोट दाखवलं आणि लगेच पस्तावलो. काका उठायला गेला. त्या माणसाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं.

"नाव चलाते थे?"

"हां साब. बत्तीस साल."

"इंजिन वाली?"

"न्हाय साब. शीडवाली. इंजिन तो आजकल का."

"तब तो आप हमसे सीनियर हैं," तो म्हणाला. मग त्याने म्हातारीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, काका बघायचा तसंच. "माताजी आगे, लड़का पीछे. ठीक है. हवा साफ़ है. आप आराम से टेकिए. लेकिन उतरते टाइम मैं बत्ती जलाऊँगा. उसके बाद सीधा बैठना है, जब तक पहिया ज़मीन पर न लगे. मंज़ूर?"

"बराबर साब," काका म्हणाला आणि त्याने सलाम ठोकला.

एका म्हातारीने आणि एका किडकिडीत पोराने जागा बदलली तर एवढ्या मोठ्या विमानाला त्याचं काही नसतं, हे मला पुढे समजलं. मग तो आमची चेष्टा करत होता का? मी ह्यावर पुष्कळ विचार केला आहे. चेष्टा करणारा माणूस बोलताना आजूबाजूच्यांकडे बघतो, ते हसतायत का म्हणून. तो फक्त काकाकडे बघत होता.

आम्ही जागा बदलल्या. काकाने स्वतःच्या हाताने बटण दाबलं आणि मागे रेलला. त्याने सोडलेला श्वास मला मागच्या खुर्चीत ऐकू आला. खुर्ची माझ्या गुडघ्यांना येऊन टेकली होती आणि मला त्याचं इतकं बरं वाटत होतं! म्हातारीने वाटेत पाय लांब केले, डबा उघडला, दोघांना ठेपले दिले. मग नाक आक्रसून म्हणाली, "तुझ्या पिशवीतून मासळीचा वास येतो रे."

"पिशवीतून न्हाय आजी. अंगाचाच हाय. बत्तीस वर्सांचा."

"राम राम," म्हातारी म्हणाली, पण तोंड फिरवलं नाही. पुढे कितीतरी वेळ दोघं बोलत होती. तिने आपल्या गुडघ्यांची हकीकत सांगितली, त्याने मचव्याची. मग काकाला झोप लागली. मला वाटलं, झालं, आता पोचलो.

दुपारी बत्ती लागली. तिच्याबरोबर हवाई सुंदरी येऊन काही सांगून गेली. काका जागा झाला, त्याने बटण दाबलं, ताठ झाला. पहिली दहा मिनिटं मी मोजलीच नाहीत. मग विमान एका बाजूला कललं आणि गोल फिरू लागलं. हवाई सुंदरी पुन्हा आली. खाली धूळ उडाली आहे, जमीन दिसत नाही, थोडं थांबावं लागेल. पंधरा मिनिटं गेली. वीस गेली. खिडकीबाहेर नुसता पिवळा रंग.

मी पुढे वाकलो. "काका, जरा टेक. सगळं थांबलंय. तो खाली जाईल तेव्हा परत सरळ हो."

"न्हाय."

"कोण बघतंय?"

"त्यो बघत न्हाय, म्हनून तर." कपाळाचा घाम पुसत तो म्हणाला, "मी व्हय म्हनलंय त्याला."

त्याचा हात पुन्हा दांडीवर गेला. म्हातारीने आपली शाल गुंडाळून त्याच्या कमरेमागे सारली, पण विमान हललं की ती घसरून खाली जाई. तिने तीनदा नीट केली. चौथ्यांदा तिने मागे माझ्याकडे बघितलं. माझे हात रिकामे होते आणि माझ्यासमोर त्या खुर्चीची पाठ होती. त्या काळच्या खुर्च्यांच्या पाठी काही फार जाड नव्हत्या. मी तळहाताने दाबून बघितलं. पलीकडे काकाची कंबर हाताला लागली.

हाताचं बळ पुरेना. मग मी दोन्ही गुडघे वर घेतले, खुर्चीच्या पाठीला लावले आणि आपली पाठ मागे रोवून जोर दिला.

"कोन रं त्यो?"

"मी."

काकाने कंबर जराशी हलवून बघितली. मग म्हणाला, "खाली घे. आनखी. हां, तिथं. डावा जोरात."

मी डावा जोरात लावला.

"उजवा सोड. आता धर. धरून ठेव."

सुकाणूवर बसून जसा तो दोरखंडाला हात लावायला सांगे, त्याच आवाजात तो मला गुडघे सांगत होता. विमान फिरत होतं आणि मी दाबत होतो. माझ्या शेजारी वाटेच्या बाजूला एक कोटवाले गृहस्थ इतका वेळ झोपले होते. ते जागे झाले, त्यांनी माझे गुडघे बघितले आणि भडकले. "ये क्या बदतमीज़ी है? सामने बुज़ुर्ग बैठे हैं, और तुम उनकी सीट को लात मार रहे हो?"

त्यांचं बरोबर होतं. तोंड लाल झालं, पण गुडघे मी काढले नाहीत. काका मागे न बघता म्हणाला, "मारने दो साब. हमारा आदमी हय."

ते गृहस्थ माझ्याकडून सरकून बसले आणि चाक जमिनीला लागेपर्यंत माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. आधी गुडघे दुखले, मग जळाले, मग ते माझे आहेत असं वाटेनासं झालं.

विमान थांबल्यावर काका दांड्यांवर भार देऊन उठला. तो अर्धा उठला, तिथे अडखळला, आणि मग पुरता सरळ झाला. म्हातारीला म्हणाला, "येतो आजी." ती म्हणाली, "सांभाळून, भाई." शिडीवरून काका माझ्यापुढे उतरला, एकेक पायरी, मान वर. मी मागून बघत होतो आणि काकीला मनात सांगत होतो.

डॉक्टर एका पत्र्याच्या खोलीत बसला होता. गोरा, थकलेला, शेजारी हिंदी बोलणारा दुभाषा. काकाची पाळी आली. त्याला भिंतीपर्यंत चालवलं, परत आणलं. डोळे बघितले, जीभ बघितली. "झुको." काका सावकाश वाकला, हात गुडघ्यांपर्यंत नेले आणि वर आला. कागदावर शिक्का बसला. तो पलीकडच्या दाराशी जाऊन माझ्यासाठी उभा राहिला.

मी पुढे झालो आणि दुसऱ्याच पावलाला लंगडलो. शिडीवर कठड्याला धरून निभावलं होतं, आता गुडघे सरळ होईनात. डॉक्टरने मान वर केली, पेन खाली ठेवलं आणि दुभाष्याला काही म्हणाला.

"पाँव को क्या हुआ? पहले से है?"

खरं सांगायचं तर गुडघे कशाने अवघडले ते सांगायचं. ते सांगायचं तर काकाची पाठ सांगायची. मी गप्प. डॉक्टर माझा कागद बाजूला सारायच्या बेतात होता. तेवढ्यात दाराशी उभ्या काकाने एक पाऊल आत टाकलं आणि तोंड उघडलं. "साब, उसका गुडगा अच्छा हय. वो मेरे वास्ते... मेरी पीठ में..."

"पैर सो गया था, साब!" मी ओरडलो. माझा मलाच तो आवाज ओळखू आला नाही. "विमान में बहुत देर बैठा ना! देखो, देखो." आणि मी तिथेच कान धरून उठाबशा काढायला लागलो. कान धरायची काही गरज नव्हती. पण शाळेत उठाबशा तशाच काढल्या होत्या आणि मला दुसरी पद्धत माहीत नव्हती. पहिल्या दोन-तीन उठाबशांना डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग सांधे सुटले. बारा झाल्या तेव्हा दुभाषा हसत होता आणि डॉक्टरने हात वर केला होता. शिक्का बसला.

ट्रकमध्ये काका फळीला धरून उभाच राहिला. राहायच्या जागी पोचल्यावर तो सरळ जमिनीवर चटई टाकून उताणा पडला. खोलीत आधीपासून राहणारे श्रीवर्धनकडचे दोघं चहा घेऊन आले. गावाकडची माणसं आली म्हणून त्यांना फार आनंद झाला होता. एकाने विचारलं, "तांडेल, विमानाचा प्रवास कसा काय झाला?"

"बरा झाला," काका छताकडे बघत म्हणाला. "तांडेल चांगला होता. शेजारी एक आजी होत्या, त्याही चांगल्या. फक्त मागं एक मानूस बसला होता ना, त्यानं लई तरास दिला. सारखे गुडगे मारत होता."

"मग काही बोलला नाहीत त्याला?"

"काय बोलनार? शिकल्याला नव्हता."

ते दोघं हसले. काकाने पडल्यापडल्याच पिशवीत हात घातला, चाचपून काकीने कमरेला चोळायला दिलेली तेलाची बाटली काढली आणि माझ्याकडे न बघता ती माझ्या बाजूला सरकवली.